डीओआय उघडेना: एका मराठी त्रैमासिकाच्या दुरुस्तीच्या नोंदी

आमचं त्रैमासिक भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र या विषयांचं आहे. छापील अंक निघतो आणि ओजेएसवर, म्हणजे ओपन जर्नल सिस्टिम्स या नियतकालिकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर, लेख मोफत वाचता येतात. तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे. पुढे हे काम ज्याच्या हाती जाईल त्याला उपयोग व्हावा म्हणून नोंदी जरा सविस्तर ठेवत आहे.

१० मार्च २०२५

सकाळीच संपादक सरांचा फोन आला. नांदेडच्या एका प्राध्यापक मॅडमनी पदोन्नतीच्या फाइलीत आमच्याकडचा लेख जोडला होता. छाननी करणाऱ्यांनी लेखाचा डीओआय, म्हणजे डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर हा कायमचा ओळखक्रमांक, टाकून पाहिला, तर 'असा डीओआय सापडला नाही' असं पान आलं आणि फाइलीवर शेरा पडला. सर म्हणाले, "अरे, लेख तर आपल्या साइटवर दिसतोय. मग भानगड काय आहे?"

लेख साइटवर असणं आणि त्याचा डीओआय चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीओआय म्हणजे दहा, टिंब, नोंदणीदाराचा क्रमांक, तिरपी रेघ आणि त्यापुढे आपण ठरवलेली अक्षरं. रेघेच्या आधीचा भाग प्रीफिक्स, नंतरचा सफिक्स. त्यात लेखाचा पत्ता कुठेच नसतो. पत्ता असतो हँडल प्रणालीतल्या, म्हणजे अशा क्रमांकांच्या सामाईक नोंदवहीतल्या, नोंदीत. वाचक डीओआय डॉट ऑर्गला विचारतो, ते नोंद पाहतं आणि तिथं जो पत्ता असेल तिकडं वाचकाला पाठवतं. आमच्यासारख्या प्रकाशकांच्या नोंदी क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेमार्फत होतात. तेव्हा बिघाड तीन जागी असू शकतो: नोंदच नाही, नोंदीतला पत्ता चुकीचा आहे, किंवा वाचकाच्या हातातला क्रमांकच बिघडलेला आहे.

ब्राउझरमध्ये एकेक लिंक उघडून बघण्यात अर्थ नव्हता. डीओआय डॉट ऑर्गची एक साधी सेवा आहे. तिला क्रमांक दिला की ती वाचकाला पुढे न पाठवता नोंदच दाखवते. उत्तरात १ आलं तर नोंद आहे, १०० आलं तर नाही. ओजेएसमधून सगळ्या लेखांचे डीओआय काढले, छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि रात्री चालवली.

११ मार्च

मॅडमच्या लेखाला १०० आलंय. एकटा तोच नाही, त्या अंकातल्या सगळ्या लेखांची तीच गत आहे.

१३ मार्च

कारण सापडलं. ओजेएसमध्ये डीओआय 'देणं' आणि क्रॉसरेफकडे 'नोंदवणं' हे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला टप्पा झाला की लेखाच्या पानावर डीओआय झळकू लागतो, दुव्यासकट. लेखक तो उचलून बायोडेटात टाकतो. दुसरा टप्पा झालाय की नाही हे बाहेरच्या कुणालाच कळत नाही. त्या अंकाची फाइल क्रॉसरेफकडे गेली होती, पण नाकारली गेली होती. ते कळवणारी ईमेल तेव्हा काम पाहणाऱ्या स्वयंसेवकाच्या खासगी पत्त्यावर गेली, आणि तो पत्ता आता बंद आहे.

नाकारण्याचं कारण आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, होतं. क्रॉसरेफ नियतकालिकाचं शीर्षक आणि आयएसएसएन यांची जोडी जपतं. पहिल्या काही अंकांची नोंद झाली तेव्हा नाव रोमन लिपीत गेलं होतं. या अंकाच्या वेळी कुणीतरी ओजेएसमध्ये नाव देवनागरीत केलं, योग्य हेतूनंच. क्रॉसरेफच्या लेखी मात्र कुणीतरी नवंच नियतकालिक दुसऱ्याचा आयएसएसएन वापरायला आलं. देवनागरी शीर्षकाची क्रॉसरेफला अडचण नाही, फाइल यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या संकेतात असते. लेखाच्या मूळ भाषेतल्या शीर्षकासाठी तर त्यांच्या आराखड्यात वेगळी जागाच आहे. अडचण फक्त दोन नावांची होती.

क्रॉसरेफच्या सपोर्टला दोन्ही शीर्षकं आणि आयएसएसएन लिहून पाठवले आणि नावं एकत्र करायची विनंती केली. नियतकालिकाचं नाव यापुढे देवनागरीतच राहील. मराठी नियतकालिकाचं नाव जगभरच्या सूचींमध्ये मराठीत दिसावं, यावर सरांचं आणि माझं एकमत आहे.

१७ मार्च

सपोर्टनं काम केलं. फाइल परत पाठवली आणि ती स्वीकारली गेली. थोड्या वेळानं हँडलच्या सेवेत मॅडमच्या लेखाला १ आलं. सरांनी त्यांना फोन केला, आणि समितीला दाखवायला मी एका पानाचं पत्र तयार करून दिलं: लेख कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाला, डीओआयची नोंद कधी झाली आणि उशीर प्रकाशकाकडून झाला. अशा पत्राचा नमुना कायम तयार ठेवायला हवा. लेखकानं आमच्या चुकीची किंमत का मोजावी?

इतर काही जुने लेख मात्र अजून अडलेत. संदेश असा, की पाठवलेली आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा जुनी आहे. आज तयार केलेली फाइल जुनी कशी ठरते? दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहिल्या. प्रत्येक फाइलीत वेळेचा शिक्का म्हणून एक आकडा असतो, आणि नवा आकडा जुन्यापेक्षा मोठा असलाच पाहिजे. जुन्या नोंदी हाताने भरलेल्या होत्या, त्यात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं अशी लांबलचक रांग, २०२१ नं सुरू होणारी. नव्या फाइलीत १९७० पासूनचे सेकंद मोजणारा दहा आकडी क्रमांक, १७४२ नं सुरू होणारा. आकडा म्हणून तो लहान, म्हणून फाइल जुनी! शिक्क्याची पद्धत बदलून पुन्हा पाठवल्यावर सगळ्या आत गेल्या.

दुरुस्तीला पैसे लागत नाहीत हे इथं लिहून ठेवतो, कारण खजिनदारांनी विचारलं होतं. क्रॉसरेफ पहिल्या नोंदणीचं शुल्क घेतं: चालू आणि मागच्या दोन वर्षांतल्या लेखाला १ डॉलर, त्याहून जुन्याला १५ सेंट. पत्ता किंवा माहिती कितीदाही बदला, ते मोफत आहे. पैशासाठी दुरुस्ती अडवून ठेवायचं कारण नाही.

१९ मार्च

आता नोंद असलेले पण न उघडणारे. मधल्या काही अंकांचे पत्ते अजून आमच्या जुन्या डोमेनकडे बोट दाखवतायत. ते डोमेन एका व्यक्तीच्या नावावर घेतलेलं होतं आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही. आज तिथं दुसऱ्याच कुणाची जाहिरातबाजी आहे. आमच्या लेखाचा डीओआय दाबणारा वाचक तिथं पोचत होता, याचं फार वाईट वाटलं.

डोमेनचं नूतनीकरण राहून जाणं मोठ्यांच्याही बाबतीत घडलंय. २० जानेवारी २०१५ रोजी खुद्द डीओआय डॉट ऑर्ग हे डोमेन वेळेत नूतनीकरण न झाल्यानं बंद पडलं होतं आणि जगभरचे डीओआय दुवे अडले होते. हँडल प्रणालीतल्या नोंदी तेव्हाही शाबूत होत्या, त्यांच्याकडे जायची वाट बंद झाली होती. म्हणून 'चिरस्थायी' हा शब्द मी प्रकल्पाच्या कागदांत वापरताना त्यापुढे दर वेळी 'कोणाच्या भरवशावर' हे लिहितो. आमच्या बाबतीत तो भरवसा आम्ही स्वतः आहोत: डोमेनचा मालक, ओजेएस सांभाळणारा आणि क्रॉसरेफच्या ईमेल वाचणारा माणूस.

पत्ते एकगठ्ठा बदलायची सोय आहे. टॅबनं वेगळे केलेले दोन स्तंभ, एकात डीओआय आणि दुसऱ्यात नवा पत्ता, वर ठरावीक शीर्ष-ओळ. फाइल पाठवली. हँडलच्या नोंदीत आयुर्मर्यादा ८६४०० सेकंद लिहिलेली असते, म्हणजे एक दिवस. मधले सर्व्हर तोवर जुनं उत्तर जपून ठेवू शकतात, त्यामुळे पाठवल्या पाठवल्या तपासून घाबरायचं नाही.

२० मार्च

बदलले. नवे पत्ते उघडतायत.

२२ मार्च

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे.

स्क्रिप्टच्या लेखी सुरुवातीचे अंक ठीकठाक होते. नोंद आहे, पत्ता आहे, पान उघडतंय, सर्व्हर २००, म्हणजे 'सगळं ठीक', म्हणतोय. सहज म्हणून महानुभाव पोथ्यांतल्या सकळ लिपीवरच्या लेखाचा डीओआय उघडला, तर समोर सांगलीच्या हळद बाजारातल्या सौद्यांवरचा लेख! पुढचा उघडला, तोही दुसराच. डीओआय चालत होते, फक्त चुकीच्या लेखाकडे नेत होते. वाचकाला वाटत असणार की संदर्भ देणारानंच घोळ घातला. आणि अशी तक्रार कुणी करत नाही, कारण चूक कुणाची हे त्याला कळतच नाही. बंद पडलेला दुवा निदान आपण बंद आहोत हे सांगतो.

मुळाशी गेलो. होस्टिंग बदलताना जुन्या ओजेएसमधून लेख एक्सएमएल फाइलीत काढून नव्या ओजेएसमध्ये भरले होते. अशा आयातीत प्रत्येक लेखाला नवा अंतर्गत क्रमांक मिळतो. जुन्या साइटवरचा ६३ क्रमांकाचा लेख नव्या साइटवर १८ होतो आणि ६३ क्रमांक भलत्याच लेखाला मिळतो. लेखाच्या पानाचा पत्ता याच अंतर्गत क्रमांकावर बेतलेला असतो. पुढे क्रॉसरेफकडचे पत्ते बदलताना फक्त डोमेनचं नाव बदललं, शेवटचे आकडे तसेच ठेवले. कागदावर काम चोख दिसलं असणार. ज्या अंकांचे पत्ते तेव्हा बदलायचेच राहिले ते १९ तारखेला जुन्या डोमेनवर अडकलेले सापडले, आणि जे बदलले ते आज.

पान उघडतं का, ही तपासणी इथं निरुपयोगी आहे. उघडलेलं पान त्याच लेखाचं आहे का, हे विचारायला हवं. ओजेएस प्रत्येक लेखाच्या पानाच्या डोक्यात, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, गूगल स्कॉलरसारख्या यंत्रणांसाठी लेखाची माहिती लिहून ठेवतं. शीर्षक, लेखक, अंक आणि डीओआयसुद्धा. आयातीत डीओआय लेखाबरोबर नीट आले होते. तेव्हा कृती अशी ठरवली: डीओआय डॉट ऑर्गला क्रमांक द्यायचा, ज्या पानावर पोचतो त्या पानाच्या डोक्यातला डीओआय वाचायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. जोडीला क्रॉसरेफच्या एपीआयकडून, म्हणजे स्क्रिप्टला माहिती देणाऱ्या सेवेकडून, नोंदवलेलं शीर्षक मागवून पानाच्या शीर्षकाशी जुळवायचं. डीओआयमध्ये रोमन अक्षरांचा लहान-मोठेपणा धरत नाहीत, म्हणून ताडण्याआधी सगळं एकाच आकारात आणायचं, नाहीतर खोट्या चुका निघतात.

२४ मार्च

ताडणी पूर्ण. सुरुवातीच्या अंकांतले जवळपास सगळे लेख चुकलेले. नव्या ओजेएसमधूनच पूर्ण नोंदी पुन्हा पाठवल्या, म्हणजे पत्ता आजच्या अंतर्गत क्रमांकाप्रमाणे तयार होतो. दुसऱ्या दिवशी ताडणी पुन्हा चालवायची.

ओजेएस आणखी हलवायची वेळ आली तर एक्सएमएलनं आयात करायची नाही, डेटाबेस आणि फाइली जशाच्या तशा न्यायच्या. अंतर्गत क्रमांक त्यातच टिकतात.

२५ मार्च

सगळे जुळले. सकळ लिपीचा लेख सकळ लिपीवरच उघडतो.

२८ मार्च

आता आमच्या लेखांच्या संदर्भसूचीतले, म्हणजे दुसऱ्यांचे डीओआय. इथं आधी खोट्या गजरांचा निकाल लावावा लागला. मोठ्या प्रकाशकांच्या साइटी स्क्रिप्टला ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', असं उत्तर देऊन हाकलतात. माणसानं ब्राउझरमध्ये उघडलं तर तेच पान बिनतक्रार येतं. कधी पानाचं नुसतं शीर्ष (हेडर) मागितलं तर नकार आणि पूर्ण पान मागितलं तर होकार. मार्टिन क्लाइन आणि ल्युडमिला बालाकिरेवा या संशोधकांनी २०२० मध्ये १०,००० डीओआय वेगवेगळ्या पद्धतीनं विचारून पाहिले होते. विचारण्याची पद्धत बदलली की एकाच डीओआयचं उत्तरही बदलतं, हे त्यात ठळकपणे दिसलं. म्हणून दुसऱ्यांच्या डीओआयसाठी मी प्रकाशकाच्या पानापर्यंत जातच नाही. हँडलमध्ये नोंद आहे का आणि नोंदवलेलं शीर्षक संदर्भातल्या शीर्षकाशी जुळतं का, एवढंच बघतो.

खरे बिघाड निघाले ते वेगळेच. १९९० च्या दशकातल्या काही परदेशी लेखांच्या डीओआयमध्ये कंस, अर्धविराम आणि 'पेक्षा लहान', 'पेक्षा मोठा' ही कोनचिन्हं असतात. वेबपानाच्या भाषेत कोनचिन्हाचा अर्थ वेगळा, त्यामुळे मधला तुकडा पानावरून गिळला गेला होता. टक्केचिन्हाच्या सांकेतिक रूपात लिहिल्यावर दुवे उघडले. काही ठिकाणी वाक्याचा पूर्णविराम डीओआयला चिकटून दुव्यात शिरला होता.

शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या प्रबंधांचाही एक गोंधळ निघाला. त्यांचे क्रमांक १०६०३ नं सुरू होतात आणि आमच्या संपादनात काहींनी ते डीओआय समजून तसंच लेबल लावलं. ते हँडल आहेत, डीओआय नाहीत. डीओआयमध्ये दहानंतर टिंब असतंच. प्रबंधांचे दुवे हँडल डॉट नेटच्या पत्त्यानंच द्यायचे, असं संपादकीय टिपणात घातलं.

१ एप्रिल

छापखान्यात जाऊन आलो. अंकाच्या पीडीएफमधून कॉपी केलेले आमचेच डीओआय उघडत नव्हते, त्याचा छडा पडद्यावर लागला असता, पण अंक लावणाऱ्या दादांशी बोलल्याशिवाय तो प्रकार थांबला नसता.

आमची शैली अशी, की अंकात सगळे आकडे देवनागरी. अंक लावून झाला की दादा पूर्ण फाइलीत शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे एका फटक्यात बदलतात. त्यात डीओआयचे आकडेही बदलतात. छापील पानावर छान दिसतं, पण 'एक' या आकड्याला संगणकाच्या लेखी इंग्रजी आणि देवनागरी असे दोन वेगळे क्रमांक आहेत, आणि हँडल प्रणालीत देवनागरी आकड्यांची कुठलीच नोंद नाही. क्रॉसरेफ सफिक्समध्ये रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि मोजकी चिन्हं एवढंच चालवून घेतं.

दुसरा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. एका लेखकाच्या सूचीतले डीओआय अक्षरशः बरोबर दिसत होते, तरी १०० येत होतं. एकेक अक्षराचा युनिकोड क्रमांक काढला, तेव्हा तिरपी रेघ आणि सफिक्स यांच्यामध्ये झीरो-विड्थ जॉइनर सापडला. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द लिहिताना आडव्या रफारासाठी जुन्या पद्धतीत हे अदृश्य चिन्ह द्यावं लागे, आणि काही कीबोर्डांवर ते सहज पडतं. मराठी मजकुरात ते हवंच असतं, म्हणून सगळीकडून पुसता येत नाही. पुसायचं ते फक्त डीओआयच्या ओळीतून.

तिसरा प्रकार ओळ तुटण्याचा. दोन स्तंभांच्या पानात लांब डीओआय मावत नाही, मग मांडणीचं सॉफ्टवेअर स्वतःच जोडरेघ घालून तो तोडतं. वाचक ती रेघ सफिक्सचा भाग समजतो. कधी साध्या जोडरेघेऐवजी लांब रेघ पडते, तीही वेगळं अक्षर.

दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही मला त्या ओळींना वेगळी स्टाइल लावून द्या, त्या स्टाइलला मी हात लावणार नाही." उत्तम उपाय. डीओआयच्या ओळींना स्वतंत्र कॅरेक्टर स्टाइल, रोमन फॉन्ट, ओळ तोडायला बंदी, आणि आकडे बदलताना ती स्टाइल वगळायची. डीओआय पूर्ण वेबपत्त्याच्या रूपात लिहायचा. क्रॉसरेफची २०१७ पासूनची शिफारसही तीच आहे, पत्त्यातलं जुनं डीएक्स हे अक्षरयुग्म गाळून आणि सुरक्षित एचटीटीपीएससह.

४ एप्रिल

काही लेखांना दोन-दोन डीओआय निघाले, हाताने केलेल्या नोंदीचा एक आणि ओजेएसचा एक. एकदा नोंदवलेला डीओआय पुसता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण कुणीतरी तो आधीच वापरलेला असतो. दोनपैकी एक मुख्य ठरवून दुसरा त्याचं उपनाम करायची सोय आहे. जो जास्त ठिकाणी उद्धृत झालाय तो मुख्य ठेवला.

८ एप्रिल

एका जुन्या विशेषांकाचं काम अवघड आहे. पाहुण्या संपादकांनी त्या अंकासाठी बाहेरच्या एका सेवेकडून पैसे देऊन 'डीओआय' घेतले होते. दिसायला हुबेहूब, दहा टिंब वगैरे. प्रीफिक्स कुणाकडे नोंदवलाय हे सांगणाऱ्या डीओआय डॉट ऑर्गच्या सेवेला विचारलं, तर असा प्रीफिक्स कुणालाच दिलेला नाही. म्हणजे हे डीओआय कधी अस्तित्वातच नव्हते. ते दुरुस्त करायला आपल्या हातात काही नाही. लेखकांनी विश्वासानं ते आपल्या कागदांवर लावलेत, आणि त्यांची फसवणूक आमच्या नावाखाली झाली याचा मला संताप आहे.

सरांशी बोलून ठरलं: त्या लेखांना आमच्या प्रीफिक्सखाली खरे डीओआय द्यायचे, प्रत्येक लेखाच्या पानावर आधीचा क्रमांक अवैध असल्याची ठळक सूचना लावायची, पुढच्या अंकात निवेदन छापायचं आणि प्रत्येक लेखकाला सरांच्या सहीचं पत्र पाठवायचं.

११ एप्रिल

क्रॉसरेफकडचा संपर्क पत्ता बदलून संस्थेच्या डोमेनवरचा, पदाच्या नावाचा केला. त्यावर येणारी ईमेल सर, मी आणि ग्रंथपाल मॅडम अशा तिघांना जाते. क्रॉसरेफ सदस्यांना दर महिन्याला अहवाल पाठवतं, त्यात न उघडलेल्या डीओआयची यादी असते. तो आम्हाला इतकी वर्षं येत होता, वाचणारं कुणी नव्हतं. नवं डोमेन संस्थेच्या नावावर आहे आणि शुल्क पुढच्या काही वर्षांचं आगाऊ भरलंय.

साइट पूर्णच गेली तर काय, हाही प्रश्न होता. संशोधक मार्टिन ईव्ह यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७० लाखांहून जास्त डीओआय तपासले, त्यातल्या सुमारे २८ टक्के लेखनाची प्रत पाहिलेल्या कुठल्याच जतनसंग्रहात सापडली नाही. ओजेएस वापरणाऱ्या नियतकालिकांसाठी ओजेएस बनवणाऱ्या पीकेपी या प्रकल्पाचं जतन-जाळं मोफत आहे, आयएसएसएन आणि प्रसिद्ध झालेला मजकूर असला की सामील होता येतं. प्लगइन बसवलं, अटी मान्य केल्या.

१६ एप्रिल

विशेषांकाच्या लेखांची नोंदणी झाली, ताडणी जुळली, सूचना लागल्या. पत्रं रवाना. काही लेखकांचे जुने ईमेल परत आले, त्यांचे पत्ते पाहुण्या संपादकांकडून मागवलेत.

ताडणीची स्क्रिप्ट आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपोआप चालेल आणि न जुळलेले डीओआय त्या सामाईक ईमेलवर पाठवेल. नवा अंक 'प्रसिद्ध' करण्याआधी नोंदणी झाल्याची खात्री करायची, हे अंकाच्या तपासयादीत सरांच्या सहीच्या रकान्याच्या वरच घातलंय. जूनचा अंक या पद्धतीनं निघणारा पहिला.